स्टेशन एका दिवसात बंद पडत नाही

बंद पडलेल्या स्टेशनावर लिहिलेला लेख उघडला की पहिली ओळ ठरलेली असते: अमुक तारखेला इथून शेवटची गाडी गेली. ही तारीख शोधायला सर्वांत सोपी आणि उपयोगाला सर्वांत कमी. खेड्यातलं स्टेशन हप्त्याहप्त्याने मिटतं. इंजिनाचं पाणी थांबतं, मालाचं बुकिंग बंद होतं, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे आणि सिग्नल उचलले जातात, मास्तरची बदली होते आणि जागा भरली जात नाही, तिकिटाची खिडकी मिटते. गाडी सगळ्यात शेवटी जाते. क्रम कधी थोडा पुढेमागे होतो, पण प्रत्येक हप्त्याची खूण जमिनीवर वेगळ्या जागी राहिलेली असते आणि ती आजही वाचता येते.

इथे बोलतोय ते महाराष्ट्रातल्या अडीच फुटी नॅरोगेज मार्गांबद्दल, म्हणजे दोन रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर अंतर असलेल्या. कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट, मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला, पुलगाव–आर्वी, पाचोरा–जामनेर, दौंड–बारामती. यांतले काही मार्ग ब्रॉडगेज झाले, काही नुसते पडून आहेत. ब्रॉडगेज झालेल्या मार्गावर जुनी स्टेशनं बाजूला पडलेली सापडतात, कारण नॅरोगेज जितकं तीव्र वळण घेते तितकं ब्रॉडगेजला घेता येत नाही. नवा मार्ग सरळ करताना जुनी वळणं आणि त्यांवरची स्टेशनं सुटतात. लातूरचं जुनं स्टेशन भर शहरात होतं, ब्रॉडगेजचं बाहेर गेलं.

आधी नाव बघा. नावात ‘रोड’ असेल तर ते स्टेशन त्या गावात नाही, गावाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) लाइन १८५९ मध्ये तिथे पोचली, पण बार्शी तिथून २१ मैल लांब. हे २१ मैल जोडायलाच एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी लाइट सुरू केली. कळंब रोड, जत रोड ही नावं त्याच पद्धतीची. ‘रोड’वाल्या स्टेशनाचा इतिहास शोधताना स्टेशनालगतच्या वस्तीपेक्षा वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या बाजारपेठेचे कागद जास्त कामाला येतात.

स्टेशन गावापासून लांब असण्याचं दुसरं कारण उताराचं. उभ्या गाडीचे डबे आपोआप घरंगळू नयेत आणि थांबलेल्या इंजिनाला भरली गाडी उचलता यावी म्हणून यार्ड जवळपास सपाट लागतं. आजच्या नियमाने ब्रॉडगेजच्या यार्डाला ४०० फुटांत १ फुटापेक्षा जास्त चढ चालत नाही. गाव टेकाडावर किंवा ओढ्याच्या काठाला असेल, तर सपाटी मिळेल तिथे स्टेशन जातं. ‘इंग्रजांनी मुद्दाम गावाबाहेर काढलं’ ही कहाणी जवळपास प्रत्येक गावात ऐकू येते. लेव्हल घेऊन बघितलं तर बहुतेक वेळा उत्तर जमिनीतच मिळतं.

आता पाणी. वाफेच्या काळात कुठल्या स्टेशनाला महत्त्व, हे प्रवाशांच्या संख्येपेक्षा विहिरीवर ठरायचं. पाणी जड असेल तर बॉयलरच्या नळ्यांवर क्षाराचा थर बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, नळी तापून फुगते. खारं असेल तर बॉयलरमध्ये फेस येतो आणि वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. मूर्तिजापूर–अचलपूर मार्ग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातून जातो. अशा पट्ट्यात टाकी कोणत्या स्टेशनाला आहे आणि कोणत्या नाही, एवढं नकाशावर मांडलं तरी अर्धं गणित उलगडतं.

टाकी अजून उभी असेल तर तिची क्षमता पाच मिनिटांत काढता येते. लोखंडी चौकोनी पत्रे कडांना बोल्ट मारून जोडलेले असतात. दाबून फुगवलेल्या पोलादी पत्र्याचं ठरलेलं माप चार फूट बाय चार फूट. तळाचे पत्रे मोजा, त्यांना उंचीच्या पत्र्यांनी गुणा. प्रत्येक चार फुटी घनाला साधारण ४०० गॅलन, म्हणजे १,८०० लिटर. तळाला तीन बाय तीन आणि उंचीला एक पत्रा असेल तर ३,६०० गॅलन, सुमारे १६,३०० लिटर. ओव्हरफ्लोची नळी काठाच्या खाली असते, तेवढं वजा करा. जुन्या ओतीव टाक्यांच्या पत्र्यांचं माप वेगळं असू शकतं, म्हणून आधी टेप लावा, मग गुणाकार. टाकीच नसेल तर तिचे दगडी किंवा विटांचे खांब शोधा, आणि रुळाच्या कडेला गोल तळ असलेला एकच जाड लोखंडी खांब दिसतो का ते बघा. तो वॉटर कॉलम, वरची आडवी नळी इंजिनाच्या टाकीवर फिरवता यायची. त्याच्या आसपास माती उकरली की काळी, हलकी, भोकाभोकांची खंगर निघते. ती कोळशाची जळकी राख. थर जाड असेल तर इंजिनाची भट्टी तिथे साफ व्हायची, म्हणजे थांबा नुसता दोन मिनिटांचा नव्हता.

पाणी थांबल्याची तारीख सहसा मार्गभर एकच मिळते. शकुंतलेवर १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं झेडडी जातीचं इंजिन धावायचं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल लावलं. गाड्या चालूच राहिल्या, पण पाण्यासाठी असलेल्या स्टेशनांचं काम संपलं. पंपवाला, टाकी, विहिरीवरचं इंजिन, सगळं बिनकामाचं. मी एखाद्या पाण्याच्या स्टेशनाची मरणतारीख लिहीन तर हीच लिहीन.

खरं पोट मात्र मालधक्क्यावर भरायचं. प्लॅटफॉर्म बहुतेक खेड्यांत नावालाच, रुळाच्या पातळीवर मुरूम ठोकून कडेला दगडाची एक ओळ. मालधक्का तसा नसतो. त्याची वरची पातळी वॅगनच्या तळाला लागून ठेवलेली, रुळाकडची बाजू घडीव दगडाची, मागची बाजू बैलगाड्या उलट्या लावण्यासाठी मोकळी. चारी बाजू मोजा. रुळाकडची लांबी म्हणजे एका वेळी किती वॅगन भरता येत होत्या त्याचा अंदाज. मागच्या दगडांच्या कडा गुडघ्याच्या उंचीला गोलसर झिजलेल्या असतील तर ती बैलगाड्यांच्या चाकांची आणि आसांची झीज.

कापसाच्या मुलखात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सुटा कापूस वॅगन भरून टाकतो, पण वजन होत नाही. म्हणून सरकी काढून, प्रेसमध्ये दाबून, ३९२ पौंडांची गाठ बांधून तो पुढे जायचा. आज गाठ १७० किलोची धरतात. जीन (सरकी काढायचा कारखाना) आणि प्रेस जिथे, तिथलं स्टेशन मोठं, लांब धक्क्याचं, वॅगन उभ्या करायच्या जादा रुळांचं, म्हणजे सायडिंगचं. जिथे नाही, तिथून कापूस बैलगाडीनेच जवळच्या प्रेसच्या गावी जायचा आणि त्या स्टेशनाला धान्य, मीठ, रॉकेल एवढीच आवक-जावक. स्टेशनाच्या मागे अर्ध्या किलोमीटरच्या आत विटांचं उंच धुराडं दिसतंय का, हे आधी बघून घ्या.

धक्क्याच्या हिशेबात दोन शब्द सारखे भेटतात आणि सारखे गोंधळतात. ठरलेल्या मोफत वेळेपेक्षा वॅगन अडकवून ठेवली तर लागायचं ते डॅमरेज. उतरलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर लागायचं ते वार्फेज. व्यापाऱ्याच्या जुन्या चोपडीत डॅमरेज वारंवार दिसलं तर वॅगन वेळेवर येत होत्या पण हमाल कमी पडत होते. वार्फेज दिसलं तर माल उचलायला बैलगाड्या नव्हत्या, किंवा भाव चढण्याची वाट बघत माल मुद्दाम पाडून ठेवला होता. दुसरं कारण जास्त वेळा खरं असतं!

मालवाहतूक संपण्याचं मूळ कारण गेजमध्येच होतं. कुर्डुवाडी, मूर्तिजापूर, पुलगाव या जंक्शनांवर प्रत्येक पोतं नॅरोगेजच्या वॅगनमधून काढून ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये टाकावं लागायचं. एक हमाली जास्त, एक दिवस जास्त, गळती आणि फूटतूट वेगळी. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे परवडलं. डांबरी रस्ता झाला आणि ट्रक थेट शेताच्या बांधावरून मुंबईपर्यंत जायला लागला, तेव्हा वीस-तीस किलोमीटरच्या रेल्वे-प्रवासासाठी दोनदा माल चढवण्यात अर्थ उरला नाही. प्रवाशांचंही असंच. १ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, आणि पुढे फाट्यावरून गावात शिरणारी बस मिळाल्यावर ताशी वीस किलोमीटरच्या गाडीसाठी कोण थांबणार? ज्याला वेळेपेक्षा भाडं महत्त्वाचं, तो प्रवासी मात्र गाडीबरोबर शेवटपर्यंत राहिला.

सांध्यांकडे वळू. स्टेशनावर दोन गाड्यांचं क्रॉसिंग होत होतं का, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, कारण त्यावर माणसांची संख्या ठरायची. क्रॉसिंग असेल तर एक गाडी बाजूला घ्यायची लूप लाइन, दोन्ही टोकांना सांधे, सांधेवाले, सिग्नल, पुढच्या स्टेशनाशी बोलायचं ब्लॉकचं यंत्र, पुढे जायची परवानगी म्हणून ड्रायव्हरला द्यायचा टोकन आणि चोवीस तासांत एकापेक्षा जास्त मास्तर. क्रॉसिंग नसेल तर ते फ्लॅग स्टेशन: झेंडी, कंदील, एक माणूस. त्याहून खाली हॉल्ट; तिथे कमिशनवर तिकिटं विकणारा एजंट, नाहीतर गार्डच तिकीट फाडणार. शकुंतलेवर शेवटी शेवटी गार्डलाच तिकीटही द्यावं लागायचं आणि इंजिन सोडणं-जोडणंही करावं लागायचं.

रूळ उचलल्यावरही लूप ओळखू येते. भराव अचानक रुंद होतो, दोन समांतर पट्टे दिसतात आणि दोन्ही टोकांना ते एकमेकांत मिळतात. एकच टोक मिळत असेल आणि दुसरीकडे मातीचा ढीग असेल तर ती सायडिंग. सिग्नलचा खांब गेला तरी त्याचा पाया आणि तारेच्या कप्प्या बसवायचे खुंट गवतात राहतात. मार्च-एप्रिलमध्ये जा, गवत वाळलेलं किंवा जळालेलं असतं. श्रावणात गेलात तर हिरवळीचे फोटो तेवढे मिळतील, आणि साप.

जमिनीवर खात्री झाली नाही तर जुनं वेळापत्रक हेच सांगतं. एखाद्या स्टेशनावर गाडी येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेत आठ-दहा मिनिटांचा फरक असेल तर तिथे पाणी किंवा क्रॉसिंग. वर जाणारी आणि खाली येणारी गाडी एकाच वेळेला त्याच स्टेशनावर दाखवली असेल तर क्रॉसिंग नक्की. पुढच्या आवृत्तीत तोच थांबा दोन मिनिटांवर आला की काहीतरी काढलं गेलं.

तिकिटांतूनही बरंच निघतं. पुठ्ठ्याचं जुनं एडमन्सन तिकीट साधारण ५७ बाय ३० मिलिमीटर, त्यावर अनुक्रमांक. एकाच स्टेशनाहून एकाच ठिकाणची, एकाच वर्गाची दोन तिकिटं मिळाली तर क्रमांकांची वजाबाकी म्हणजे दरम्यानची विक्री. समजा एक ०४१२ आणि तीन महिन्यांनंतरचं ०४३७; तीन महिन्यांत पंचवीस तिकिटं. पण प्रत्येक ठिकाणाची, वर्गाची, अर्ध्या आणि परतीच्या तिकिटाची गड्डी वेगळी असते, त्यामुळे मिरजेच्या तिकिटातून पंढरपूरचं वजा करून चालत नाही. क्वचित मागितल्या जाणाऱ्या ठिकाणासाठी छापील गड्डीच नसायची, हाताने लिहून कोरं कागदी तिकीट द्यायचे. तो आकडा या हिशेबात येत नाही. आणि आषाढीच्या आठवड्यातली तिकिटं बार्शी लाइटच्या सरासरीत धरू नका. तो मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला पोचला. वारीतल्या गर्दीवरून वर्षभराचा हिशेब मांडता येत नाही.

इमारतीबद्दल थोडक्यात. काळ्या दगडाच्या दोन खोल्या, पुढे तीन बाजूंनी उघडी पडवी, कंदिलांची खोली रॉकेलच्या भीतीने अलग, मागे क्वार्टर. नकाशे कंपनीगणिक ठरलेले असल्यामुळे इमारत गावाबद्दल फार बोलत नाही. तिच्यावरचे आकडे मात्र लोकांना फसवतात. मंगलोरी कौलावर ‘१८६५’ दिसलं की स्टेशन १८६५ चं, असं छापून येतं. ते साल बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला त्याचं, कौल भाजल्याचं नाही. पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, म्हणून ठशात तो शब्द असेल तर कौल त्यानंतरचं. तेही फक्त त्या कौलाबद्दल. वादळात उडालेली कौलं दरवर्षी बदलली जातात.

रुळावरचा ठसाही तसाच. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर उठावाच्या अक्षरांत कारखान्याचं नाव, वजनाचा आकडा आणि साल असतं. महिना कधी रोमन अंकात, कधी नुसत्या उभ्या रेघांत. वजन पौंड प्रति यार्ड, अर्धं केलं की किलो प्रति मीटर. ‘५० आर’ म्हणजे ५० पौंडी, उंची १०४.८ मिलिमीटर, ‘६० आर’ची ११४.३; ‘९० आर’ची १४२.९. कॅलथ्रॉपने गाडीतल्या प्रत्येक आसावर, इंजिनापासून वॅगनपर्यंत, पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही, तो हलक्या रुळावर भागावं म्हणूनच. नॅरोगेजवर जाड रूळ दिसला तर समजावं की मुख्य मार्गावर झिजलेला रूळ शाखेला दिलाय. त्यावर मार्ग सुरू होण्याआधीचं साल असू शकतं, आणि कितीतरी नंतरचंही. त्या मानाने स्लीपर प्रामाणिक. नॅरोगेजचा लाकडी स्लीपर दीड मीटरचा, ब्रॉडगेजचा पावणेतीन मीटरचा. भरावावर राहिलेल्या खाचा मोजल्या तर गेजचा वाद मिटतो.

सुरुवातीच्या तारखेचाही घोळ असतो. कंपनीची स्थापना, जमीन संपादन, मालगाडी सुरू, प्रवासी गाडी सुरू, या चार वेगळ्या तारखा. शकुंतलेची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी १९१० ची, म्हणून मार्गावरचं प्रत्येक स्टेशन १९१० चं होत नाही. बार्शी लाइट तर तीस वर्षांत तुकड्यांनी वाढली: १८९७ बार्शी, १९०६ पंढरपूर, १९११ लातूर, १९२७ मिरज. आपलं स्टेशन कोणत्या तुकड्यात येतं ते आधी ठरवा.

आणि मग तलाठी कार्यालय आणि भूमी अभिलेख. रेल्वेच्या दफ्तरापेक्षा इथे जास्त सापडतं, हे माझं ठाम मत. जुन्या गावनकाशावर रेल्वेची पट्टी शेतं कापत जाते आणि स्टेशनाजवळ फुगते. ते फुगलेलं पोट म्हणजे कंपनीने घेतलेलं पूर्ण यार्ड, पुढे बांधलं असो वा नसो. पोट मोठं आणि बांधकाम लहान असेल तर कंपनीची अपेक्षा आणि मिळालेला धंदा यांतला फरक तिथे चौरस फुटांत मोजता येतो. संपादनानंतर क्षेत्र घटल्याची नोंद कमी-जास्त पत्रकात असते, फेरफाराला तारीख असते. अडचण एकच: जिथे एकत्रीकरण योजना झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि संपादनाचे कागद जुन्या सर्व्हे नंबरावर. योजनेचा ९(३) ९(४) चा उतारा काढून दोन्हींची सांगड घाला, मगच फेरफार मागा.

लातूर, येडशी, तडवळे हा भाग निजामाच्या राज्यात होता. तिथले कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली वर्षाचं. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवा: १३२० फसली म्हणजे १९१०–११. संस्थानातलं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे एका सालाला दोन इसवी सालं लागतात. पंढरपूर–मिरज बाजूला सांगली, मिरज, जत ही संस्थानं मध्ये येतात, तिथे मोडी वाचणारा माणूस सोबत हवा.

सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे मागताना सोलापूर-सांगलीकडे ४७ क्रमांकाच्या मालिकेतले, वऱ्हाडासाठी ५५ च्या. नकाशाच्या कडेला सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल वेगवेगळं असतं. छपाईचं साल धरून ‘तेव्हाही स्टेशन चालू होतं’ असं लिहू नका.

गाडी बंद झाली म्हणून जमीन मोकळी झालेली नसते. ती रेल्वेचीच राहते, विनापरवाना शिरणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फिशप्लेट (रूळ जोडायची पट्टी), डॉग स्पाइक (रुळाचा खिळा) आठवण म्हणून खिशात टाकणं तर सरळ रेल्वेच्या मालाची चोरी. मोजा, फोटो घ्या, ठेवून या.

इमारत वाचवायची इच्छा गावाला असेल आणि परवानगी मिळाली, तर पहिलं काम छत. कौलं आणि वासे गेले की पाणी भिंतीच्या माथ्यातून चुन्यात उतरतं आणि दगड सुटतात. माथ्यावर पिंपळ आला असेल तर उपटू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापून मूळ मारा आणि ते पूर्ण वाळल्यावरच काढा. दगडांमधल्या दरजा भरताना चुनाच वापरा. सिमेंटची दरज बाहेरून टणक दिसते, पण भिंतीतली ओल अडकवते आणि दोन-तीन पावसाळ्यांत दरज तशीच राहून शेजारचा चुना भुगा होतो.

परतताना नावाच्या पाटीचे पाय बघा. पाटी दहा वेळा रंगवतात, बदलतात, पण तिचे दोन पाय बहुतेक जुन्या रुळाच्या तुकड्यांचे असतात आणि एकदा पुरले की कुणी हलवत नाही. माती झटकली तर ठसा दिसतो. त्यावर १९३१ असेल तर पाटी १९३१ च्या आधी लागलेली नाही. नंतर केव्हा लागली, ते फेरफार आणि वेळापत्रक सांगतील.